ट्रायकोकार्ड: तीन हंगाम वापरल्यावर

पाकीट हातात आलं की मी आता आधी कार्डाचा रंग बघते. पोस्टकार्डाएवढा जाड कागद, त्यावर डिंकाने चिकटवलेली खसखशीहून बारीक अंडी. ती काळीभोर दिसली की जीव भांड्यात पडतो. पांढरट-पिवळे ठिपके जास्त दिसले तर मी लगेच फोन लावते. पहिल्या वर्षी हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि पाकिटावरही छापलेलं नव्हतं. हे कार्ड उसात लावलं की त्यातून ट्रायकोग्रामा नावाच्या बारीक माशा निघतात आणि उसाचे कोंब पोखरणाऱ्या खोडकिडीची अंडी मारतात. उसाचे सलग तीन सुरू हंगाम (म्हणजे जानेवारीची लागण) ट्रायकोकार्ड वापरून झालं, त्यातला पहिला पूर्ण वाया गेला, दुसरा बरा गेला आणि यंदाचा चांगला चाललाय. कार्ड तेच होतं. मधल्या काळात मला एका पाखराची ओळख झाली, एवढाच फरक. म्हणून कार्डाबद्दल लिहायचं तर त्या पाखराबद्दल लिहिणं भाग आहे.

आमचा ऊस वाळवा तालुक्यात, कृष्णाकाठी. तीन एकर सुरू लागण, वाण को ८६०३२. जानेवारीत लागण झाली की फेब्रुवारी सरता सरता खोडकिडीचा जाच सुरू होतो, तो वळीव पडेपर्यंत. ऊस लावणाऱ्यांना हे सांगायला नको. बाजूची पानं हिरवीगार असतात आणि मधला पोंगा तेवढा वाळतो. ओढला की अलगद हातात येतो आणि बुडाला कुजका, घाण वास मारतो. आम्ही वर्षानुवर्षं सरीत दाणेदार औषध टाकत आलो. एका वर्षी औषध टाकून आलेल्या मालकांना रात्रभर मळमळत होतं, उलट्या झाल्या. त्या रात्री मी ठरवलं की आता दुसरं काही बघायचं.

कार्डाचा हिशोब सोपा आहे. एका कार्डावर साधारण २०,००० अंडी असतात. खोडकिडीसाठी हेक्टरी ५०,००० सोडायची शिफारस आहे, म्हणजे एकरी एक कार्ड. लागणीनंतर महिना-सव्वा महिन्याने सुरुवात करायची आणि दर दहा दिवसांनी नवीन लावायचं. मी पाच वेळा लावते, म्हणजे तीन एकरांना पंधरा कार्डं. मला एक कार्ड ८० रुपयांना पडलं, त्यामुळे हंगामाचा खर्च १,२०० रुपये. दाणेदार औषधाची पोती आणि ती टाकायची मजुरी धरली तर याच्याशी तुलनाच होत नाही.

पहिल्या वर्षी मी कार्डं गावाजवळच्या एका दुकानातून घेतली. पाकिटावर तीनच सूचना होत्या: थंड जागी ठेवा, संध्याकाळी लावा, औषध फवारू नका. नेमकी तेव्हा पाण्याची पाळी आली, रानात पाय ठेवता येईना. थंड जागी म्हटलंय म्हणून मी पाकीट फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवलं आणि चौथ्या दिवशी लावलं. काहीच झालं नाही. अंडी काळीच्या काळी राहिली, पंधरा दिवसांनीही. पुढची खेप दुकानातच आठवडाभर पडून होती, ते मला नंतर कळलं. पाकीट उघडलं तर आत धुळीसारखं काहीतरी हलत होतं आणि बरंचसं हलायचं थांबलं होतं. तिसऱ्या खेपेत तर बारीक अळ्याच वळवळत होत्या आणि कागदावर कोळिष्टकासारखे धागे. दुकानदार म्हणाला, वरूनच असा माल येतो. त्या वर्षी शंभर कोंबांत पंधराच्या वर पोंगे गेले.

मला राग आला होता आणि वाईटही वाटलं होतं. घरात मीच आग्रह धरला होता की औषध नको. म्हणून मग दुकान सोडून मी जिथे कार्डं तयार होतात अशा एका प्रयोगशाळेत गेले. तिथे काम करणाऱ्या ताईंनी माझं सगळं ऐकून घेतलं. बर्फाच्या कप्प्याचं सांगितलं तेव्हा त्या कळवळून म्हणाल्या, "अहो वहिनी, तुम्ही औषधाची पुडी समजून ठेवलीत. हे जित्राब आहे. म्हशीला कुणी बर्फात ठेवतं का?" आणि त्या मला आत घेऊन गेल्या.

आत शिरताच बाजरीच्या भरडीचा उबट वास आला. मांडणीवर ओळीने ट्रे, प्रत्येकावर मांजरपाटाचं फडकं ताणून बांधलेलं. ताईंनी तोंडाला मास्क दिला आणि एका ट्रेचं फडकं हलक्या हाताने वर केलं. फडक्याच्या आतल्या बाजूला पन्नास-साठ राखाडी पाखरं चिकटून बसलेली. मी बघताच ओळखली. आमच्या तांदळाच्या कोठीचं झाकण काढलं की जी भिरभिरत वर येतात, ज्यांच्यासाठी आमच्या आत्या दर उन्हाळ्यात सगळे तांदूळ गच्चीवर पसरतात, तीच ही. आमच्याकडे म्हणतात तांदळाला जाळी धरली, ती जाळी धरणारी अळी यांचीच.

शास्त्रात याला कॉर्सायरा सेफॅलोनिका म्हणतात. स्टेन्टन नावाच्या इंग्रज कीटकशास्त्रज्ञाने १८६६ साली त्याचं वर्णन केलं. नावातले दोन्ही शब्द ग्रीसच्या पश्चिमेकडच्या बेटांचे आहेत, कॉर्फूचं जुनं नाव आणि केफालोनिया. पण हे पाखरू उष्ण हवेतलं, आपल्या घराघरांतलं. मधमाश्यांच्या पेट्या ठेवणाऱ्यांना मेणपतंग माहीत असेल, पोळ्यात बोगदे करून सगळं रेशमाने जखडून टाकणारा. हा त्याच भावकीतला. एकाने मेण धरलं, दुसऱ्याने धान्य. डाळी आणि सुक्या मेव्यात तांब्याच्या रंगाचे पंख असलेलं पाखरू दिसतं, ते मात्र वेगळं. यांची गल्लत करू नका.

ट्रे कसा भरतात तेही ताईंनी दाखवलं. अडीच किलो बाजरी भरडून, आधी भट्टीत तापवून, म्हणजे तिच्यातले इतर किडे मरतात. त्यात १०० ग्रॅम शेंगदाण्याचं कूट, थोडं यीस्ट, आणि कोळी होऊ नयेत म्हणून ५ ग्रॅम गंधक. त्यावर पाखराची अर्धा सीसी अंडी पसरायची. अंडी सीसीत मोजतात हे ऐकून मला नवल वाटलं. एक सीसी म्हणजे सुमारे अठरा ते वीस हजार, आणि एका कार्डावर तेवढीच मावतात. ३५-४० दिवसांनी ट्रेमधून पाखरं निघायला लागतात आणि पुढे महिना-दोन महिने निघत राहतात. ती रोज गोळा करून जाळीच्या तळाच्या डब्यात सोडायची, मधाच्या पाण्याचा बोळा ठेवायचा. मादी अंडी घालते ती सुटी सुटी, त्यामुळे बरीचशी जाळीतून खाली गळतात. मग पंखांचा भुसा आणि पायांचे तुकडे चाळून काढायचे. तीन निरनिराळ्या चाळण्या होत्या, आमच्या मैद्याच्या चाळणीहून बारीक.

हा पंखांचा भुसा फार वाईट. मास्क त्यासाठीच होता. पाखराच्या अंगावरचे खवले हवेत उडतात, नाकात-घशात जातात, रोज काम करणाऱ्या बायकांना खोकला धरतो, कुणाला दम लागतो. ८० रुपयांच्या कार्डामागे हे काम आहे. तिथे चार बायका हातात नळी घेऊन एकेक पाखरू ओढून घेत होत्या, आणि बोलणं चाललं होतं पोरीच्या लग्नाचं.

चाळलेली अंडी मग अतिनील दिव्याखाली अर्धा-पाऊण तास ठेवतात. त्याने अंड्याच्या आतला जीव मरतो, पण अंडं ताजं राहतं. माझ्या तिसऱ्या खेपेतल्या अळ्यांचं कोडं इथे उलगडलं. दिवा नीट लागला नव्हता, अंड्यांतून पाखराच्याच अळ्या बाहेर आल्या आणि शेजारची अंडी खात सुटल्या. दिव्यानंतर कार्डावर डिंक, डिंकावर अंडी, आणि ते कार्ड ट्रायकोग्रामाच्या माद्यांसमोर ठेवायचं. सहा नव्या कार्डांना एक जुनं कार्ड, ज्यातून चिलटं बाहेर पडताहेत. ट्रायकोग्रामा ही अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासची गांधीलमाशीच्या कुळातली. ती पाखराच्या अंड्यात आपलं अंडं घालते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी अंडं काळं पडतं आणि सातव्या-आठव्या दिवशी त्यातून पाखराच्या अळीऐवजी नवी माशी बाहेर पडते. म्हणजे मी जे विकत घेते ते पाखराचं अंडं, आतलं पिल्लू मात्र दुसऱ्याचं. रानात सोडल्यावर त्या माद्यांना पाखराची अंडी कुठे मिळणार? त्या उसाच्या पानाखाली खोडकिडीची अंडी शोधतात.

निघताना मी ताईंकडे चिमूटभर अंडी मागितली, दिव्याखाली न ठेवलेली. त्यांनी कागदाच्या पुडीत बांधून दिली आणि बजावलं, घरच्या धान्यापासून लांब ठेवा.

घरी मी लोणच्याची रिकामी काचेची बरणी घेतली. तापवलेली बाजरीची भरड, मूठभर शेंगदाण्याचं कूट, वर अंडी. तोंडाला फडकं. आत्या म्हणाल्या, "जन्मभर या पाखरांना मारत आले, आणि तू पाळायला घेतलीस." पण बरणी ठेवली त्यांनीच, देवळीत, उन्हापासून दूर.

भिंगातून अंडं मोत्यासारखं दिसतं. पांढरं, लंबगोल, आणि एका टोकाला बारीकसं बोंड. पाचव्या दिवशी बरीचशी अंडी फुटलेली दिसली. अळ्या इतक्या बारीक की भरडीत हरवून गेल्या. आठवडाभर वाटलं सगळं मेलं. मग काचेच्या कडेला एक धागा दिसला, चमकणारा, आणि धाग्याला चार कण चिकटलेले. दोन दिवसांत त्याची नळी झाली. अळी या नळीत राहते. तोंड बाहेर काढते, जवळचा कण ओढते, खाते, विष्ठा तिथेच टाकते, आणि नळी पुढे वाढवते. कुणी उघड्यावर येत नाही. तांदळात हात घातल्यावर दाणे लडीसारखे लोंबत वर येतात ना, ती ही घरं. आत्यांना मी भिंग दिलं तेव्हा त्या बराच वेळ बघत राहिल्या. एवढी वर्षं त्या जाळीला घाण समजत आल्या होत्या. तिथे प्रत्येक दाणा बांधून बसवलेला होता.

तिसऱ्या आठवड्यात बरणीचा वरचा थर चांगला घट्ट झाला, चमच्याने उचलला तर साईसारखा अख्खा निघाला. अळी आता १५ मिलिमीटर, मळकट पांढरी, डोकं तपकिरी. पोट भरलं की ती खाणं थांबवते आणि जाड पांढरा कोष विणते. हा कोष इतका चिवट की नखाने फाडताना जोर लागला. बरेच कोष काचेला आणि फडक्याला चिकटून होते, अळ्या विणायच्या आधी वर चढून आल्या होत्या.

मधेच एक प्रकार झाला. एका अळीला हात लावला तर ती हलेना. मेलेली म्हणावी तर सुकलेली नव्हती, मऊ होती. भिंगातून बघितलं तर तिच्या अंगाला बाहेरून चार-पाच चिमुकल्या अळ्या चिकटून रस पीत होत्या. चार दिवसांनी तिथे तांदळाच्या कणीएवढे रेशमी पांढरे कोष होते. ताईंना फोन केला. त्या म्हणाल्या, ब्रॅकॉन आलाय, आमचा मोठा शत्रू. ही माशी अळीला डंख मारून लुळी करते आणि तिच्यावर आपली पिल्लं वाढवते. प्रयोगशाळेत शिरली तर ट्रेच्या ट्रे जातात. माझं फडकं विरळ होतं, तिला तेवढी वाट पुरली. रानात हीच ब्रॅकॉन आपली मित्र असते. मी फडकं बदललं, मांजरपाट लावला.

पहिलं पाखरू एका संध्याकाळी दिवेलागणीला निघालं. फडक्याच्या कडेला उलटं लटकून पंख वाळवत होतं. सकाळी बघितलं तर सहा झाली होती. दिवसा ही हलत नाहीत. पंख अंगाला घट्ट आवळून बसतात, त्यामुळे जिथे बसतील तिथे वाळक्या काडीचा तुकडा वाटतात. लांबी बोटाच्या पेरापेक्षा कमी. राखाडी म्हणायचं, पण भिंगाखाली त्यात तपकिरी, मळकट पिवळा, धुरकट असे रंग मिसळलेले दिसतात, आणि पंखांच्या शिरा जरा गडद. ठिपका नाही, पट्टा नाही. डोक्यावर खवल्यांचा झुबका. नर-मादी ओळखायची खूण ताईंनी सांगितली होती: मादीच्या तोंडापुढे दोन लांब टोकदार मिशा सरळ पुढे येतात, चोचीसारख्या, नराच्या आखूड. एकदा नजर बसली की भिंगाशिवाय कळतं. मादी अंगानेही मोठी.

अंधार पडला की नर पंख थरथरवत मादीभोवती गोल फिरतात. ते त्या वेळी आवाजही करतात, पण तो आपल्या कानांच्या पलीकडचा, वटवाघळांच्या पट्टीतला. आम्ही दोघी देवळीसमोर बसून ते बघायचो. बाहेर मोटरचा आवाज, आत ही बरणी. माझ्या बरणीतली पाखरं बहुतेक आठवडाभर जगली. मादी अंडी घालते ती पहिल्या तीन-चार रात्रींतच जास्त, शंभर-दोनशेपर्यंत जातात. मग ती भरडीवर पडून राहते आणि पंखांचा चुरा होतो.

हे सगळं बघितल्यावर कार्ड कसं वापरायचं ते आपोआप कळत गेलं. दुसऱ्या वर्षापासून मी थेट प्रयोगशाळेतून घेते आणि मागवतानाच विचारते, परजीवीकरण कोणत्या तारखेचं? म्हणजे कार्ड ट्रायकोग्रामापुढे कोणत्या दिवशी ठेवलं. त्या तारखेपासून सातवा दिवस मोजायचा आणि सहाव्या दिवशी संध्याकाळी कार्ड रानात असायला हवं. पाणी, पाऊस, लग्नकार्य काहीही आडवं आलं तर दोन-चार दिवस फ्रिजच्या खालच्या भागात, भाजीच्या कप्प्यात. त्याहून जास्त मी तरी ठेवत नाही. प्रयोगशाळेत दहा अंशांच्या आसपास ठेवायची सोय असते, आपल्या घरच्या फ्रिजचा भरवसा नाही.

कार्डावर आखलेल्या रेषांवरूनच कापायचं, अंडी घासली जाऊ द्यायची नाहीत. मी एका कार्डाचे चाळीस तुकडे करते आणि साधारण दहा-दहा मीटरवर एकेक लावते, म्हणजे एकराला पुरतात. पानाच्या खालच्या बाजूला, स्टेपलरने. जमिनीलगतच्या पानाला लावू नका. पहिल्या वेळी मी तसं केलं आणि सकाळी मुंग्यांची रांग लागली होती, अर्धी अंडी फस्त. वरच्या पानाला लावल्यावर मुंग्या कमी झाल्या, गेल्या नाहीत. यावर मला अजून चांगला इलाज सापडलेला नाही.

प्रत्येक खेपेतला एक तुकडा मी काचेच्या छोट्या बाटलीत घरी ठेवते. हे प्रत्येकाने करावं. दोन दिवसांनी भिंगातून अंड्यांवर गोल भोकं दिसली की माशा निघाल्या. भोक नसलेली काळी अंडी मोजायची. यंदाच्या चार खेपांत शंभरात दहा-बारा अंडी तशीच राहिली, हे प्रमाण मला मान्य आहे. या बाटलीमुळे भांडण होत नाही. माल खराब आला तर ताईंना फोटो पाठवते, त्या बदलून देतात. एकदा बदलून घेतलाय.

बाटलीतच मी ट्रायकोग्रामा पहिल्यांदा नीट पाहिली. पिवळसर अंग, लालभडक डोळे, पंखांच्या कडेला केसांची झालर. ती अंड्यावर चढते, मिशांनी टकटक करत पुढे-मागे चालते, जणू खरबूज पिकलंय का ते वाजवून बघते. मग एका जागी थांबते आणि मागचा भाग खाली रोवते. एका अंड्यावर दोन-तीन मिनिटं सहज जातात.

रानातला पुरावा मिळाला मागच्या मार्चमध्ये. खोडकिडीचा पतंग पानाच्या खाली चपटी, माशाच्या खवल्यांसारखी एकावर एक चढलेली अंडी ओळींत घालतो, दुधाळ रंगाची. ती शोधायला मी रोज सकाळी एक सरी पालथी घालायची. कार्ड लावल्यानंतर सहाव्या दिवशी एका पानाखाली तीन ओळी सापडल्या, सगळीच्या सगळी काळी. फुटायला आलेल्या अंड्यात अळीच्या डोक्याचा काळा ठिपका दिसतो, तो वेगळा. ही पूर्ण काळी होती. ते पान मी तोडलं नाही. मालकांना बोलावून दाखवलं, त्यांनी गुडघ्यावर बसून बघितलं आणि त्या सरीला पुढे दोन दिवस मजुरांना फिरकू दिलं नाही.

आता उणिवा. सगळ्यात मोठी गोष्ट ही की ट्रायकोग्रामा फक्त अंड्यांवर चालते. पोंगे वाळलेले दिसल्यावर कार्ड आणायला पळालात तर आत शिरलेल्या अळीला काहीही होणार नाही. पुढच्या पिढीची अंडी थांबतील, एवढंच. आमच्या भावकीतल्या दोघांनी असंच उशिरा लावलं आणि आता ते कार्डाला नावं ठेवतात. त्यांची चूक म्हणवत नाही, कारण पाकिटावर हे लिहिलेलंच नसतं.

दुसरं, ऊन. एप्रिलमध्ये पारा चाळिशीला टेकतो तेव्हा एवढुशा जिवाचं काय होत असेल? मी पाणी दिल्यानंतर, सरीत पाचट (उसाचा वाळलेला पाला) टाकून, सूर्य मावळल्यावर लावते. तरी मार्चच्या आणि एप्रिलच्या खेपांत फरक पडतोच. बेंगळुरूच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरोने ट्रायकोग्रामा चिलोनीस या जातीचा जास्त तापमान सोसणारा वाण तयार केला आहे. मागवताना त्याची चौकशी करा, मिळाला तर एप्रिलसाठी तोच घ्या.

तिसरं, शेजार. माझ्या रानात मी औषध मारत नाही, पण बांधापलीकडे फवारणी झाली की वाऱ्याने इकडे येतं. लावल्यानंतर निदान आठवडाभर आजूबाजूला फवारणी नको. त्यासाठी मी आता शेजारच्या काकांना कार्ड लावायची तारीख आधी सांगून येते. ते ऐकतात. गेल्या खेपेला त्यांनी स्वतःसाठीही दोन कार्डं मागितली.

उत्पन्नाचा आकडा मी मुद्दाम देत नाही. यंदा शंभर कोंबांत दहाच्या आत पोंगे गेलेत हे खरं, पण याच वर्षी मी बाळबांधणी (कोवळ्या उसाला हलकी मातीची भर) वेळेवर केली, पाचटही टाकलं, त्यानेही खोडकीड कमी होते. सगळं श्रेय कार्डाला देणं बरोबर होणार नाही. दाणेदार औषध मात्र दोन वर्षांत एकदाही टाकलेलं नाही, आणि बांधावर चालताना पायाखाली कोळी आणि ढालकिडे पूर्वीपेक्षा जास्त दिसतात.

म्हणून माझं मत: कार्डाला पाचपैकी साडेचार. पाकिटाला एक. ज्या वस्तूचं आयुष्य आठ दिवसांचं आहे तिच्या पाकिटावर तारीख ठळक हवी, मराठीत हवी, आणि आत काय आहे ते चार ओळींत हवं. कुणाच्या अंड्यात कोण आहे, ते कधी बाहेर येणार, कशाने मरणार. शेतकऱ्याला हे कळतं. गाभण म्हशीचे दिवस मोजणाऱ्या बाईला सात दिवस मोजायला जड जात नाही. दुकानदारांनी कार्डं साठवून विकू नयेत, मागणी घेऊन तारखेला आणावीत. आणि प्रयोगशाळेत काम करणाऱ्या बायकांना चांगले मास्क मिळावेत, ते ८० चे ९० रुपये झाले तरी मी देईन.

घरच्या धान्याचं विचाराल तर तांदळातलं पाखरू आम्ही अजूनही काढतोच. तांदूळ कडक वाळवून, घट्ट झाकणाच्या डब्यात. बरणीचं तोंड मात्र नीट बांधलेलं असतं आणि ती धान्याच्या खोलीपासून लांब आहे. तिच्यात आता नवी पिढी आहे. शाळेतली पोरं येऊन बघून जातात, आत्याच त्यांना नर-मादी ओळखायला शिकवतात.

काल संध्याकाळी या हंगामातली शेवटची तीन कार्डं लावली. तुकडा बाटलीत घालून देवळीत ठेवलाय. आज सकाळी बघितलं, अजून एकाही अंड्याला भोक नाही. तारखेप्रमाणे उद्या पहाटे निघायला हवीत.